मगरीबची दहा मिनिटं आणि चौतीस ताटं : आमच्या जमातीला खुलं पत्र

माननीय मुतवल्लीसाहेब, जमातीची पंचमंडळी आणि मशिदीत इफ्तारचा दस्तरखान मांडणारी आमची पोरं,

अस्सलामु अलैकुम.

रमजानच्या आधीचा शाबान महिना अर्धा सरला. आणखी पंधरा दिवसांनी पोरं चंद्र बघायला गच्चीवर चढतील. त्याआधी जमातीची बैठक बसते. रमजानात रात्रीची तरावीची नमाज पढवणाऱ्या हाफिजसाहेबांची सोय, मंडप, पाण्याची टाकी, वजूखान्याचे गळके नळ, सगळं त्यात ठरतं. इफ्तारचं मात्र काही ठरत नाही, कारण ती आपोआप होते असा तुमचा समज आहे. ती आपोआप होत नाही. दुपारी तीनपासून आम्ही ओट्याशी उभ्या असतो.

बैठकीत बायकांनी बसायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहिते आहे. मशिदीचं नाव घालत नाही. निपाणीतल्या कुठल्याही मोहल्ल्यात वाचलं तरी ते आपल्याच मशिदीचं वाटेल. मराठीत लिहिते, कारण घरी दखनी बोलले तरी मी मराठी शाळेत शिकले आणि कागदावर हाताला हीच भाषा येते. सून उर्दू शाळेतली, नातू कानडी शाळेतला. तिघांचं भांडण जुंपलं की मिटतं ते मराठीतच.

आता मुद्दा.

गेल्या रमजानात दुसऱ्या जुम्म्याला मी माझ्या भाच्याला एक काम सांगितलं. म्हटलं, आज मशिदीत इफ्तारची ताटं किती येतात ती मोजून ये. "खाला, मोजून काय करणार?" म्हणाला. तू मोज तर, म्हटलं. पोरगं बारावीचं, आकड्यांत पक्कं. वहीच्या पाठच्या पानावर लिहूनच आणलं त्यानं. ताटं ३४. रोजेदार, लहान पोरं धरून, ११० च्या आसपास. ३४ पैकी २९ ताटांत भजी. ३१ ताटांत केळी. कलिंगड सगळ्यांत. शिवाय मशिदीनं फोडलेले खजुरांचे खोके वेगळे आणि गुलाबी सरबताच्या तीन बादल्या वेगळ्या.

नमाज झाल्यावर माझं ताट परत आणायला मी मागच्या दारापर्यंत गेले. तिथं दोन पोरं दस्तरखान आवरत होती. आवरत होती म्हणजे प्लॅस्टिकच्या कागदाची चार टोकं धरून सगळं मध्ये गोळा करत होती. सरबत सांडून मऊ पडलेली भजी, एकेक घास खाऊन ठेवलेल्या कलिंगडाच्या फोडी, अर्धी सोललेली केळी, दाताची एक खूण उमटलेला समोसा. त्या लगद्यात मला माझी कांदाभजी ओळखू आली. मी ओवा जास्त घालते. कागदाचं गाठोडं झालं आणि काळ्या पिशवीत गेलं. दाराशी तशा चार पिशव्या आधीच बांधून ठेवलेल्या होत्या.

पोरांना मी काही बोलले नाही. त्यांचा त्यात काय दोष? दिवसभराचा रोजा सोडून ती दुसऱ्यांचं उष्टं उचलत होती. दोष आहे तो घड्याळाचा, आणि त्या घड्याळाकडे कुणी बघत नाही याचा.

मार्चमध्ये आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या पुढेमागे मावळतो. अजान झाली, रोजा सुटला, आणि मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजेची रांग उभी राहते सात-आठ, फार तर दहा मिनिटांत. पहाटे सव्वापाचच्या आत सहेरी आटोपलेला माणूस तेरा तासांच्या वर उपाशी असतो. तो त्या दहा मिनिटांत किती खाईल? तीन खजूर, दोन भजी, कलिंगडाची एक फोड, ग्लासभर सरबत. पोट आखडलेलं असतं, पाण्यानंच निम्मं भरतं. नमाज झाली की तो घरी येतो, आणि घरी काय असतं? त्याच्याच नावानं शिजवलेलं दुसरं जेवण. आकणीचा भात, नाही तर डालचा-खाना, चपात्या, आणि मशिदीत ताट गेलं तेव्हा घरासाठी ठेवलेली तीच भजी. म्हणजे एका पोटासाठी एका संध्याकाळी दोनदा रांधलं. वर तरावीनंतर चौकात सीख आणि फालुदा आहेच. मग रात्री दोन वाजता सहेरीचं.

बायका जास्त करतात म्हणून वाया जातं, असं बयानात ऐकून ऐकून आमचे कान किटले. करतात, मान्य. पण ताट मशिदीत पाठवताना पलीकडे किती माणसं आहेत, शेजारणीनं काय पाठवलंय, हे आम्हाला कोण सांगतं? ३४ बायका ३४ बंद दारांआड अंदाज करतात, आणि उपाशी माणसाचा अंदाज नेहमी मोठाच असतो. पाच वाजता भूक डोक्यात चढली की पावशेर बेसन कमी दिसायला लागतं. चव बघता येत नाही ती वेगळीच. नवरा तापट असेल तर बाईनं जिभेच्या टोकावर मीठ बघून थुंकून टाकायला हरकत नाही, अशी सवलत धर्माच्या नियमांत, मसल्यात, आहे म्हणतात. पूर्वीच्या आलिमांनाही आमच्या घरांतलं ठाऊक होतं एकूण! पण अंदाज करण्यासाठी अशी काही सवलत नाही.

त्या जुम्म्यानंतर मी घरातही तोलायला घेतलं. पिठाच्या डब्याशेजारचा काटा काढला आणि आठवडाभर रात्री झोपण्याआधी टाकायचं ते तोलून लिहिलं. साली, बिया, हाडं धरली नाहीत, फक्त खाण्यासारखं होतं ते. घरात आम्ही पाच माणसं. सात दिवसांत ६ किलो ३०० ग्रॅम. मला खरं वाटेना, म्हणून काट्यावर एक किलोची साखरेची पिशवी ठेवून बघितली. काटा बरोबर होता.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ सालचा एक अहवाल आहे. २०२२ या एका वर्षात जगात दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांतून गेलं, असं त्यात म्हटलंय. भारतातल्या घरांचा त्यांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो. दिवसाला दीडशे ग्रॅम, साली-देठं धरून. माझ्या रोजेदार घरात साली सोडून माणशी १८० भरले. उपासाच्या महिन्यात.

आणखी एक हिशोब मी त्याच वहीत केला. आमच्या हनफी घरांत फितरा माणशी पावणेदोन किलो गव्हाच्या आसपास धरतात. पाच माणसांचा झाला पावणेनऊ किलो. ईदच्या नमाजेआधी तो गरिबाच्या हातात पडायला हवा, यासाठी आपण किती जपतो! आणि माझ्या घरातून फितऱ्याएवढं अन्न दहा रोज्यांच्या आत कचऱ्याच्या गाडीत जात होतं. त्याला दुआ मिळाली असेल तर ती गल्लीतल्या कुत्र्यांची.

"वाया कुठं जातं, जनावरांच्या पोटात जातं," असं एक उत्तर नेहमी येतं. शिजलेला भात आणि चपात्यांचा ढीग गाईपुढं ओतला तर तिच्या पोटात आंब धरतो, पोट फुगतं, आणि कधी कधी जनावर दगावतं, हे कुठलाही गुरांचा डॉक्टर सांगेल. प्लॅस्टिकच्या पिशवीसकट घातलं तर बघायलाच नको. शेळीचं म्हणाल, तर आमच्या गल्लीतल्या शेळ्या रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात भजी हुंगून पुढं जातात.

दुसरं उत्तर, "गरिबाला देतो." कधी देता? रात्री साडेदहाला, तरावी झाल्यावर, दहा हात लागलेलं. मार्चच्या उकाड्यात शिजलेलं अन्न दोन तासांवर उघडं ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपली आजी तेच नाकानं सांगायची. साडेसहाचा खिमा साडेदहाला वीटभट्टीवरच्या मजुराच्या झोपडीत पोहोचवणं याला सदका, म्हणजे दान, कसं म्हणायचं? द्यायचं तर पातेल्यातून पहिल्यांदा काढून द्यावं, आपल्या ताटात पडायच्या आधी. जे तुम्हाला आवडतं त्यातून खर्च केल्याशिवाय तुम्ही नेकीपर्यंत पोहोचणार नाही, असं सूरह आले-इमरानमध्ये आहे. उरलेल्यातून, असं नाही.

आता एक गोष्ट लिहिते ती माझ्यावरच आहे.

लेकीचं लग्न झालं त्यानंतरचा पहिला रमजान. सासरी इफ्तारी पाठवायची पद्धत तुम्हाला माहीत आहे. कोण सुरू करतं, कोण वाढवत नेतं, देव जाणे. तिच्या बेळगावच्या सासरी माणसं सहा. मी काय पाठवलं? सफरचंदांची पेटी, मोसंबी, दोन डझन केळी, अननस, तीन जातींचे खजूर, खडेबाजारातून मागवलेला सुकामेवा, आकणीची डेगची, शंभर समोसे. गाडी भाड्यानं केली. तिच्या अब्बांनी त्यासाठी भिशी आधी उचलली, ती पुढं सात महिने फेडत होतो. लोक काय म्हणतील हे एक, आणि लेकीला कुणी टोचून बोलू नये हे दुसरं.

ईदनंतर भेटायला गेले तेव्हा विहीणबाईंनी चहा ठेवला. माझी नजर मोरीशेजारच्या कोपऱ्यात गेली. तीच पेटी. कागदाच्या हिरव्या चिंध्यांत तळाशी दहा-बारा सफरचंदं काळी पडून एकमेकांना चिकटलेली, वर चिलटं. विहीणबाईंनी पदरानं पेटी झाकल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "काय करणार भाभी, याच आठवड्यात माझ्या माहेरच्यांचीही आली होती." आम्ही दोघी हसलो. त्या हसण्यात काही मजा नव्हती.

पंचमंडळी, हुंडा नको म्हणून तुम्ही जुम्म्याला सांगता, चांगलं आहे. ही इफ्तारीची गाडी त्याच हुंड्याची धाकटी बहीण आहे. पहिल्या रमजानाची इफ्तारी पाठवायची तर एका माणसाच्या हातात मावेल एवढीच, असं जमातीनं एकदा जाहीर केलं तर शंभर बाप तुम्हाला दुआ देतील. आम्ही बायकांनी एकमेकींना सांगून हे थांबत नाही, मी सांगून बघितलंय. पहिली कोण थांबणार, तिथंच सगळं अडतं. जाहीर झालं की कुणीच पहिली राहत नाही.

मोजून पाठवणं म्हणजे काय ते मला शेजारच्या काकूंनी शिकवलं, तेही न बोलता. २०२५ साली पाडवा ३० मार्चला होता आणि ईद ३१ ला. पाडव्याला आमचा शेवटचा रोजा. साडेपाचला काकू मागच्या दारानं आल्या, हातात झाकलेली थाळी. पुरणपोळ्या पाच, वाटीभर कटाची आमटी, तुपाची छोटी वाटी. घरात माणसं पाच, पोळ्या पाच. रोजा पुरणपोळीवर सोडला आणि थाळी पुसल्यासारखी रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी मी शीरखुर्मा पाठवला तो पातेलंभर. त्यांच्या घरी काका-काकू दोघंच, काकांना साखर. संध्याकाळी काकू पातेलं परत घेऊन आल्या. निम्मं भरलेलं, वर सांडू नये म्हणून फडकं बांधलेलं. "अगं, चांगलं झालंय, पण किती गं!" आपल्या निपाणीत दस्तगीरसाहेबांच्या उरुसाला हिंदू-मुसलमान एकाच रांगेत उभे राहतात, एकमेकांकडचं शिकायला आपल्याला लाज कसली?

आमच्या अम्मीच्या वेळी असं नव्हतं, असं कुणी म्हणालं तर मी त्याला गप्प करते. अम्मी रोज्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, हजार झाल्याशिवाय उठायची नाही. इफ्तारला एक खजूर चिरून दोघांत आणि जवारीची आंबील. भजी जुम्म्यालाच. ते वाया न घालवणं नव्हतं, वाया घालवायला काही नव्हतंच. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. पण तिची एक सवय तेवढी मी ठेवली आहे. सकाळी उरलेल्या चपात्या ती हातानं कुस्करायची, गूळ आणि चमचाभर तूप घालून मलिदा करायची, आणि सहेरीला उठायला कुरकुरणारी आम्ही पोरं त्या वासानं उठायचो. माझा नातू आता त्यासाठी मुद्दाम दोन चपात्या शिळ्या ठेवायला लावतो.

तर माझं मागणं असं. ताटांची पाळी लावा.

आपल्या मोहल्ल्यात घरं १२० च्या आसपास आहेत. रोजे तीस धरले तर दिवसाला चार घरं पुरतात. पण एकेका घरावर भार नको म्हणून आठ-आठ घरं घेऊ, म्हणजे प्रत्येकाची पाळी महिन्यात दोनदा येईल. ११० माणसांना दहा मिनिटांत लागतं काय तेही मी काढलंय. माणशी तीन खजूर म्हणजे ३३०, तीन किलोच्या आसपास. अर्धं केळं म्हणजे ५५ केळी, साडेचार डझनाला एक जादा. कलिंगडं मध्यम पाच-सहा. भजी दोन-दोन म्हणजे २२०, त्याला बेसन दोन-अडीच किलो. हे सगळं आठ घरांत वाटलं तर एका घराच्या वाट्याला येतं पाव-सव्वापाव किलो बेसन, सात केळी, कलिंगडाच्या चौदा फोडी. कोण भजी करणार, कोण फळं चिरणार, हे त्या आठजणींनी आदल्या दिवशी फोनवर ठरवायचं. भजीच पाहिजेत असंही नाही. उकडलेले हरभरे कांदा-लिंबू घालून दिले तर पोटाला बरे, आणि उरले तर दुसऱ्या दिवशी उसळ होते. सरबतात बुडालेल्या भज्याचं काहीच होत नाही.

आणि फोडी चिरून एका परातीत ठेवाव्यात, माणूस हवी तेवढी उचलेल. आज प्रत्येक चौघांपुढं पूर्ण ताट मांडतात, खाल्लं न खाल्लं तरी ते उष्टं होतं. हात न लागलेली परात नमाजेनंतरही चांगली राहते. ती तिथूनच लगेच, सातच्या आत, पोहोचवता येते. एसटी स्टँडवर, दवाखान्यात रोग्यांपाशी बसलेल्या माणसांना, सरकारच्या अन्नभाग्य योजनेच्या तांदळावर महिना काढणाऱ्या घरांना. त्यासाठी दोन पोरं आणि एक मोटारसायकल पुरे.

मला ठाऊक आहे, बैठकीत कुणीतरी म्हणेल, "रोजेदाराला खाऊ घालण्याचा सवाब (पुण्य) आहे, तो कुणाचा का बंद करायचा?" बंद कुठं करतोय? रोजेदाराचा रोजा सोडवणाऱ्याला त्याच्याइतकाच सवाब, ही हदीस मौलाना दर वर्षी सांगतात, आणि एका खजुरावर, पाण्याच्या घोटावरही तो मिळतो हेही तेच सांगतात. दोघांचं जेवण तिघांना पुरतं, तिघांचं चौघांना, ही हदीसही त्यांच्याच तोंडून ऐकलेली. ज्या घराची पाळी नाही त्यानं त्या दिवशीच्या भज्यांचे पैसे मशिदीच्या पेटीत टाकावेत. त्यातून रमजान लागायच्या आधी विधवांच्या घरी पीठ-तेल जाऊ दे. खा, प्या, पण उधळू नका, ही सूरह आराफची आयत तुमच्या कॅलेंडरवर छापलेली आहे. त्या कॅलेंडरखालीच काळ्या पिशव्या ठेवतात, म्हणून आठवण केली.

आपल्या सीमाभागाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्याचा निकाल कधी लागेल ते कोर्ट जाणे. ताटांचा निकाल लावायला तुम्हाला एक बैठक पुरते.

वही मी घातली आहे, दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. पहिल्या रोज्याच्या पानावर आठ ओळी आखल्यात. पहिल्या ओळीवर माझं घर, पुढं लिहिलंय : हरभरे, दीड किलो. दुसऱ्या ओळीवर माझ्या थोरल्या जावेचं. खालच्या सहा ओळी मोकळ्या आहेत. शाबानच्या शेवटच्या जुम्म्याला वही भाच्याच्या हाती मशिदीत पाठवते. तुम्ही ती मिंबराशेजारी ठेवून एवढंच सांगा, की घरी जाऊन बायकोला विचारा आणि मग नाव लिहा. विचारल्याशिवाय लिहू नका.

आपली,
मोहल्ल्यातलीच एक बाई

ता. क. : गेल्या रमजानात इफ्तारला पाठवलेली माझी दोन स्टीलची ताटं आणि एक झाकणाचा डबा अजून मशिदीतून परत आलेला नाही. डब्याच्या बुडाला माझ्या सासूबाईंचं नाव कोरलेलं आहे. कुणाच्या घरी शेंगदाणे भरून ठेवले असतील तर शेंगदाणे काढून घ्यावेत आणि डबा पाठवून द्यावा.